तालमीतले तत्त्वज्ञान : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात या सदरात प्राचीन ग्रीकांच्या नीतिविचाराची तोंडओळख करून देताना मी असे लिहिले होते की, चांगले जगणे ही ग्रीकांच्या लेखी समजून घेण्याची गोष्ट तर होतीच, पण त्याहून अधिक ती रोजच्या सरावाने अंगी बाणवण्याची गोष्ट होती, आणि सॉक्रेटिसपासून एपिक्टेटसपर्यंत पाच-साडेपाच शतके हा धागा तुटलेला दिसत नाही. या विधानावर कोल्हापुरातून आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रे आली. कौतुकाची पत्रे बाजूला ठेवून ज्यांत शंका, आक्षेप किंवा अडचण आहे अशीच येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी अनेक वर्षे तालमीत पोरांकडून मेहनत करून घेतो. ॲरिस्टॉटल मध्यम मार्ग सांगतो, असे आपण लिहिले. आमच्या हौद्यात मध्यम काही चालत नाही. मध्यम मेहनत करणारा पैलवान मध्यमच राहतो आणि मैदानात पाठ लावून घेऊन परत येतो. मग हे तत्त्वज्ञान कच्च्या दिलाच्या माणसांसाठी आहे, असे समजायचे काय?
— एक वस्ताद, गंगावेश

वस्ताद, आपला आक्षेप रास्त आहे, आणि गंमत म्हणजे तो ॲरिस्टॉटलला आधीच सुचला होता. त्याचे उत्तर त्याने पैलवानाच्या खुराकाचाच दाखला देऊन दिले आहे. ‘निकोमाखियन एथिक्स’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात तो म्हणतो की, समजा दहा मिना अन्न जास्त होते आणि दोन मिना कमी पडते (मिना हे त्यांचे वजनाचे माप), तरी तेवढ्यावरून वस्ताद सर्वांना सरसकट सहा मिना अन्न ठरवून देणार नाही. कारण मायलोला ते अपुरे पडेल आणि तालमीत नुकत्याच आलेल्या पोराला ते झेपणार नाही. हा मायलो दक्षिण इटलीतल्या क्रोटोन या ग्रीक वसाहतीतला मल्ल. तो इ.स.पू. सहाव्या शतकात होऊन गेला आणि ऑलिंपिकमध्ये त्याने सहा वेळा कुस्ती जिंकली. रोज एक वासरू खांद्यावर उचलता उचलता त्याने शेवटी पूर्ण वाढलेला बैल उचलला, ही कथा त्याच्याविषयीच सांगतात. ती खरी असो वा नसो, जोर-बैठकांचा आकडा हळूहळू कसा वाढवत न्यायचा हे आपल्यासारख्याला त्यातून वेगळे सांगायला नको.

तेव्हा ॲरिस्टॉटलचे मध्य म्हणजे दोन टोकांची बेरीज करून निम्मे करणे नव्हे. माणूस कोण, प्रसंग कोणता, समोर कोण आहे, हे पाहून जे नेमके योग्य ठरते ते त्याचे मध्य, आणि एखाद्याच्या बाबतीत ते आपल्याला प्रचंड वाटावे असेही असू शकते. शौर्य हे भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधले खरे, पण शूर माणूस अर्धा भ्यालेला नसतो. ज्याचे भय बाळगायला हवे त्याचे तो भय बाळगतो आणि जेथे उभे राहायला हवे तेथे मरण समोर दिसत असतानाही उभा राहतो. रागाविषयीही त्याचे म्हणणे असेच आहे. रागावणे कोणालाही जमते, परंतु योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य वेळी आणि योग्य तेवढेच रागावणे अवघड असते, आणि ज्याला कधीच राग येत नाही त्याची गणना तो सज्जनांत करत नाही. याच विवेचनात त्याने हेही सांगून ठेवले आहे की, सद्गुण हा व्याख्येने मध्य असला तरी उत्तमतेच्या दृष्टीने पाहिल्यास ते टोकच आहे. आपल्या आक्षेपाला याहून थेट उत्तर मला तरी सापडणार नाही. शिवाय काही कृत्यांना मध्य नसतोच. खून, चोरी, व्यभिचार ही बेताने केली म्हणून योग्य ठरत नाहीत, हे त्याने स्पष्टपणे लिहिले आहे, कारण मध्यम मार्गाच्या नावाखाली सवलत मागणारे लोक तेव्हाही असणार.

हे मध्य सापडायचे कसे, यावर त्याचा सल्ला अगदी व्यवहारी आहे. आपला कल कोणत्या टोकाकडे आहे हे आधी ओळखावे आणि स्वतःला मुद्दाम उलट्या बाजूला ओढावे, जसे वाकलेले लाकूड सरळ करणारे लोक करतात. जो पोरगा जोडीदाराला पाहून बिचकतो त्याला आपण अंगावर जायला सांगता आणि जो अकारण घुसतो त्याला थांबायला सांगता. दोघांना दिलेल्या सूचना परस्परविरोधी असतात, पण दोघांनाही एकाच जागी आणायचे असते. न्यायी कृत्ये करत राहिल्याने माणूस न्यायी होतो आणि धैर्याची कृत्ये करत राहिल्याने धीट होतो, हे ॲरिस्टॉटलचे मुख्य सूत्र आहे. केवळ ऐकून सज्जन होऊ पाहणाऱ्यांना तो वैद्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐकणाऱ्या पण सांगितलेले काहीही न करणाऱ्या रोग्यांच्या रांगेत बसवतो.

एक गोष्ट ओघाने सांगतो. प्लेटोने जेथे शिकवले ती अकादमी आणि ॲरिस्टॉटलने इ.स.पू. ३३५ च्या सुमारास जेथे आपली शाळा सुरू केली ते लायसियम, ही दोन्ही मुळात अथेन्सच्या तटाबाहेरची व्यायामाची आणि कुस्तीची ठिकाणे होती. प्लेटोचा मैत्रीवरचा ‘लायसिस’ हा संवाद तर नव्याने बांधलेल्या एका आखाड्यातच घडतो. अंगाला तेल आणि माती लागलेली पोरे आणि त्यांच्यात बसून प्रश्न विचारणारा सॉक्रेटिस, हे दृश्य अथेन्सपेक्षा आपल्या पेठांतच अधिक सहज समजेल असे मला नेहमी वाटत आले आहे.

प्रश्न : शाहूपुरीत माझे दुकान आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पुराचे पाणी दुकानात शिरले. माल गेला, कर्ज राहिले. मुलाने मोबाईलवर एपिक्टेटसचे वचन पाठवले की जे आपल्या हाती नाही ते सोडून द्या. वाचून मला राग आला. सोडून द्या म्हणजे हातावर हात ठेवून बसा, असेच ना?
— एक व्यापारी, शाहूपुरी

एपिक्टेटसच्या नावाने फिरणाऱ्या सुविचारांनी त्याचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे त्याच्या विरोधकांनीही केले नसेल. त्यामुळे आपला राग मला समजतो. हा माणूस आजच्या तुर्कस्तानातील हायरापोलिस येथे गुलाम म्हणून जन्मला, रोममध्ये नीरो बादशहाच्या एका धनाढ्य सेवकाच्या मालकीचा होता, आणि पायाने अधू होता. पुढे मुक्त झाल्यावर त्याने शिकवायला सुरुवात केली, तर डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना हद्दपार केले. मग ग्रीसमधल्या निकोपोलिस या गावी त्याने आपली शाळा थाटली. त्याने स्वतः काही लिहिले नाही. ॲरियन या शिष्याने उतरवून घेतलेली व्याख्याने आणि त्यांचे सार असलेली एक छोटी पुस्तिका एवढेच आपल्याकडे आहे. ज्याच्या मालकीचे स्वतःचे शरीरही नव्हते अशा माणसाने आपल्या हाती काय आहे याची यादी केली, हे लक्षात ठेवून ती वाचावी.

पुस्तिका सुरू होते ती एका विभागणीने. आपले मत, आपली इच्छा, आपला नकार आणि आपण काय करायला निघतो ते, एवढे आपल्या अखत्यारीत. शरीर, मालमत्ता, लौकिक आणि अधिकार आपल्या अखत्यारीत नाहीत. यात ‘काय करायला निघतो’ हे आपल्या बाजूच्या रकान्यात आहे, ही गोष्ट मोबाईलवरच्या वचनात गळून पडते. याच पुस्तिकेत पुढे ऑलिंपिक जिंकू पाहणाऱ्या माणसाला तो सांगतो की, नेमून दिलेलेच खावे लागेल, गोडधोड सोडावे लागेल, उन्हात आणि थंडीत ठरल्या वेळी मेहनत करावी लागेल, वैद्याच्या स्वाधीन व्हावे तसे वस्तादाच्या स्वाधीन व्हावे लागेल, मनगट निखळेल, घोटा मुरगळेल, तोंडात माती जाईल, आणि एवढे करून कदाचित हरावेही लागेल. हे सर्व पाहूनही इच्छा उरली तर उतर, असा त्याचा सल्ला आहे. हातावर हात ठेवून बसायला सांगणारा माणूस असे बोलत नाही.

एपिक्टेटस ज्या तत्त्वज्ञांच्या पंथातला, त्या स्टोइक पंथाला आपण विचारलेला प्रश्न त्याच्याही आधी तीनशे वर्षे विचारला गेला होता. बरे होणे नशिबात असेल तर वैद्य बोलावला काय आणि न बोलावला काय, मी बरा होणारच, असे म्हणणाऱ्यांच्या या युक्तिवादाला तेव्हाचे लोक ‘आळशी युक्तिवाद’ म्हणत. क्रिसिपस या स्टोइक तत्त्वज्ञाने त्याला जे उत्तर दिले ते सिसेरो या रोमन लेखकाने नोंदवले आहे, आणि त्यात पुन्हा आपला मायलो येतो. मायलो ऑलिंपिकमध्ये कुस्ती लढणार हे ठरलेले असेल, तर समोर जोड असो वा नसो तो लढणारच, असे कोणी म्हटले तर ते चुकीचे ठरेल, कारण जोडीशिवाय कुस्ती होत नाही. त्याचप्रमाणे बरे होण्यातच वैद्य बोलावणे सामावलेले आहे.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते की नाही, हे आपल्या हाती नाही. जूनच्या आत माल वरच्या मजल्यावर नेणे, विम्याचा हप्ता चुकू न देणे, बँकेत जाऊन परतफेडीची मुदत बदलून मागणे, शेजारच्या दुकानदारांना घेऊन नाल्याच्या सफाईसाठी अर्ज करणे, हे आपल्या हाती आहे. अर्ज मंजूर होणे मात्र नाही. स्टोइक मंडळी धनुर्धाऱ्याचे उदाहरण देत असत. नेम साधण्यासाठी जे जे करता येईल ते सर्व त्याने करावे. बाण लागणे हा त्याच्या कौशल्याचा भाग नव्हे.

येथे माझे एक मत स्पष्ट नोंदवतो, कारण आपला राग केवळ गैरसमजातून आलेला नाही. मालमत्ता गेली तरी ज्ञानी माणसाच्या सुखात काहीच कमी होत नाही, असे कडवे स्टोइक म्हणत, आणि तेथे मी त्यांच्याबरोबर नाही. ॲरिस्टॉटलने या बाबतीत अधिक प्रामाणिकपणा दाखवला आहे. छळाच्या चाकावर बांधलेला माणूस चांगला असेल तर तो सुखी आहे, असे म्हणणारे लोक जाणून वा नकळत निरर्थक बोलतात, असे तो लिहितो. पैसा, आरोग्य, मुलेबाळे यांशिवाय चांगले जगणे अपुरे राहते हे त्याला मान्य होते. एवढेच की चांगला माणूस आलेल्या परिस्थितीतून जे उत्तम करता येईल ते करतो, जसा चांगला चांभार हाती आलेल्या कातड्यातून जमेल तितका चांगला जोडा शिवतो. आपले नुकसान हे खरे नुकसान आहे, असे ॲरिस्टॉटल आपल्याला म्हणेल. दुसऱ्या दिवशी शटर उघडून चिखल काढायचा असतो तेव्हा मात्र मला एपिक्टेटसच अधिक उपयोगी वाटतो. त्याच्या घरातला लोखंडी दिवा चोराने पळवला, तेव्हा उद्या मातीचा आणू एवढेच म्हणून त्याने विषय संपवला. (तो मातीचा दिवा त्याच्या मृत्यूनंतर एका हौशी माणसाने तीन हजार द्राख्मांना विकत घेतल्याचे लुशियन या उपहासकार लेखकाने थट्टेने नोंदवले आहे, दिवा घेतला की शहाणपण येईल, अशी त्या माणसाची समजूत होती.)

प्रश्न : एपिक्युरस म्हणजे ग्रीकांचा चार्वाक असे आम्हाला वर्गात सांगितले. ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’ हेच त्याचेही म्हणणे होते का?
— एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर

कर्ज काढून तूप पिणे एपिक्युरसला चालले नसते, कारण कर्जाची चिंता तुपाच्या सुखाहून अधिक काळ टिकते. सुख हेच ध्येय असे तो म्हणाला हे खरे. पण सुख म्हणजे शरीराला वेदना नसणे आणि मनाला घोर नसणे, अशी त्याची व्याख्या होती, आणि तेवढ्यासाठी फार थोडे पुरते असा त्याचा अनुभव होता. इ.स.पू. ३०६ च्या सुमारास त्याने अथेन्समध्ये एक बाग घेतली आणि मित्रमंडळींसह तो तेथे भाकरी-पाण्यावर राहिला. मेजवानी करावीशी वाटली तर करता यावी म्हणून थोडे चीज पाठव, असे त्याने एका मित्राला लिहिल्याची नोंद आहे.

इच्छांचे त्याने तीन प्रकार केले. काही नैसर्गिक आणि आवश्यक, जसे भूक भागवणारे अन्न. काही नैसर्गिक पण अनावश्यक, जसे चमचमीत अन्न. आणि काही दोन्ही नव्हेत, जशी आपला पुतळा उभारला जावा ही इच्छा. तांबडा-पांढरा रस्सा दुसऱ्या वर्गात बसतो. त्यावर एपिक्युरसची बंदी नाही; उलट साध्या जेवणाची सवय असलेल्यालाच अधूनमधून मिळणाऱ्या पक्वान्नाची खरी चव कळते, असे त्याने आपल्या एका पत्रात लिहिले आहे. रस्सा मिळाला नाही म्हणून ज्याचा रविवार वाया जातो, त्याने मात्र आपले सुख दुसऱ्याच्या चुलीवर ठेवले आहे.

चार्वाकाशी त्याचे साम्य दुसऱ्याच एका बाबतीत आहे. दोघांचीही प्रतिमा विरोधकांनी घडवली. चार्वाकमताचे मूळ ग्रंथ उरले नाहीत. एपिक्युरसची निदान तीन पत्रे टिकली, म्हणून त्याच्या बाजूने बोलता येते.

प्रश्न : मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. पदावर असताना घरी माणसांची रीघ असे. आता रस्त्यात भेटले तरी लोक घाईत असतात. ज्यांना मी मित्र समजलो ते मित्र नव्हते काय? ग्रीकांनी यावर काही म्हटले आहे काय?
— एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी

पुष्कळ म्हटले आहे. ‘निकोमाखियन एथिक्स’च्या दहा भागांपैकी आठवा आणि नववा असे दोन पूर्ण भाग ॲरिस्टॉटलने मैत्रीला दिले, न्यायाला एकच दिला. इतर सर्व काही मिळाले तरी मित्रांशिवाय जगणे कोणी पत्करणार नाही, असे म्हणून तो सुरुवात करतो आणि मग मैत्रीचे तीन प्रकार सांगतो. उपयोगासाठी केलेली, सहवासाच्या आनंदासाठी केलेली आणि एकमेकांच्या स्वभावातल्या चांगुलपणासाठी केलेली. पहिल्या दोन कारण संपले की संपतात. यात त्याला कोणाचा विश्वासघात दिसत नाही. उपयोग हाच ज्या संबंधाचा आधार होता, तो आधार गेल्यावर संबंध सुटणे हे त्याला स्वाभाविक वाटते.

माझ्या दृष्टीने त्याचे खरे मर्म पुढे आहे. तक्रारी आणि रुसवेफुगवे जवळजवळ सर्व उपयोगाच्या मैत्रीतच होतात, असे निरीक्षण तो नोंदवतो, कारण तेथे प्रत्येकाला आपण दिले जास्त आणि मिळाले कमी असे वाटत असते. नवव्या भागात तर आपल्याच प्रश्नाचा निवाडा आहे. समोरच्याने तसे काहीही दाखवले नसताना, तो आपल्या स्वभावावर प्रेम करतो असे आपणच समजून बसलो, तर दोष आपला. परंतु त्याने तसे सोंग केले असेल तर आपली तक्रार न्याय्य आहे, आणि खोटी नाणी पाडणाऱ्यापेक्षाही त्याचा अपराध मोठा आहे, कारण त्याने अधिक मोलाची वस्तू खोटी बनवली. रीघ लावणाऱ्यांपैकी सोंग कोणी केले आणि केवळ दाखल्यासाठी कोण आले, हे आपण स्वतः तपासून पाहावे; बहुतेक जण दुसऱ्या वर्गात निघतील आणि त्यांच्यावरचा राग आपोआप उतरेल, असा माझा अंदाज आहे.

तिसऱ्या प्रकारची मैत्री दुर्मीळ असते आणि तिला वेळ लागतो. एकत्र बसून पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, ही त्याच्या काळची म्हण त्याने तेथे वापरली आहे. निवृत्तीनंतर आपल्याकडे वेळच आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या आरंभी सेफालस नावाचा एक वृद्ध गृहस्थ सॉक्रेटिसला म्हणतो की, शरीराची सुखे ओसरली तशी बोलण्याची गोडी वाढली, तेव्हा तू आमच्याकडे वरचेवर येत जा. म्हातारपणाला शिव्या देणाऱ्या आपल्या समवयस्कांविषयी तो म्हणतो की, त्यांच्या दुःखाचे कारण वय नसून स्वभाव आहे. हे मत जरा कठोर आहे, आणि तो स्वतः श्रीमंत होता हे सॉक्रेटिस त्याला लगेच सुनावतो.

प्रश्न : कोल्हापूरच्या वाचकांना ग्रीक कशाला? आपल्याकडे संतांनी काय कमी सांगितले आहे?
— एक वाचक, कागल

कमी काहीच सांगितलेले नाही, आणि एक वाचले म्हणून दुसरे मिटवून ठेवावे लागत नाही. ग्रीक आणि आपण एकमेकांना अगदीच परके होतो असेही नाही. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात सापडलेली पोसायडन या ग्रीक सागरदेवाची काशाची छोटी मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. सातवाहन काळातल्या रोमन व्यापाराबरोबर ती पंचगंगेच्या काठी पोहोचली. अफगाणिस्तानात आय खानूम येथील ग्रीक नगरात तर डेल्फी या ग्रीक तीर्थस्थानाची वचने कोरलेला शिलालेख मिळाला. त्यात बालपणी नीट वागावे, तारुण्यात संयम बाळगावा, प्रौढपणी न्यायी असावे, वार्धक्यात चांगला सल्ला द्यावा आणि मरताना दुःख करू नये, असे सांगितले आहे.

प्रश्न : ज्या समाजात गुलाम राबत होते आणि स्त्रिया नागरिकांच्या सभेत बसू शकत नव्हत्या, त्या समाजातील चार पुरुषांनी निवांत बसून चांगल्या जगण्यावर चर्चा केली. ज्या शहरात राजर्षी शाहूंनी १९०२ साली निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, तेथे बसून आपण हे आदराने का वाचावे?
— एक शिक्षिका, कसबा बावडा

आदराने वाचावेच असे नाही, बारकाईने वाचावे. आपला आरोप खरा आहे. काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात, असे ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या भागात लिहिले. त्या काळी सर्वांनाच तसे वाटत होते, ही सबब त्याला लागू होत नाही, कारण गुलामी निसर्गाविरुद्ध असून ती केवळ माणसांनी लादलेली आहे, असे मानणारे लोक आहेत, हे त्याने त्याच जागी नोंदवले आहे. वेगळे मत समोर असताना त्याने ते नाकारले. धोटे आपोआप विणू लागले तर मालकांना गुलामांची गरज उरणार नाही, असेही तो लिहितो. चिंतनासाठी लागणारी फुरसत कोणाच्या कष्टातून येते, हे त्याला पक्के ठाऊक होते असे त्या वाक्यावरून दिसते.

परंतु त्याच्याच मूळ सिद्धांताने त्याचे हे मत पडते. सद्गुण जन्माने मिळत नाही, सरावाने येतो, असे एकदा म्हटले की ज्याला सरावाची संधीच नाकारली त्याच्यात सद्गुण कमी आहे, या निरीक्षणाला काही अर्थ राहत नाही. ज्या मुलाला तालमीच्या दाराशीच अडवले, त्याला कुस्ती येत नाही हा त्याच्या स्वभावाचा पुरावा होऊ शकत नाही. शिक्षण आणि नोकऱ्या यांची दारे उघडल्याशिवाय योग्यतेची चर्चा करू नये, हा शाहू महाराजांच्या धोरणामागचा विचार याच तर्काचा आहे. ॲरिस्टॉटलने तो आपल्या घराच्या उंबरठ्यावर सोडला.

सर्वांनीच सोडला असे मात्र नाही. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या पाचव्या भागात राज्याचे रक्षक होण्यासाठी स्त्रियांना पुरुषांसारखेच शिक्षण आणि व्यायाम द्यावा, असे मांडले. एपिक्युरसच्या बागेत स्त्रिया होत्या आणि मिस नावाचा त्याचा एक गुलामही चर्चेत भाग घेई. मृत्युपत्रात त्याने मिसला आणि आणखी काही जणांना मुक्त केले. एपिक्टेटसचे गुरू मुसोनियस रुफस यांनी मुलींनाही मुलांसारखेच तत्त्वज्ञान शिकवावे, असे प्रतिपादन केले, आणि त्यांनी दिलेले कारण हेच होते की सद्गुणाची पात्रता दोघांत सारखी आहे. तरीही गुलामीची पद्धतच मोडून काढा, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटले नाही, ही उणीव उरतेच. ॲरिस्टॉटलच्या मृत्युपत्रात, आपली सेवा केलेल्या गुलामांपैकी कोणाला विकू नये आणि योग्य वयाला आल्यावर लायकीप्रमाणे त्यांना मुक्त करावे, असे कलम आहे. ग्रंथात निसर्गाचा हवाला देणाऱ्या माणसाने व्यवहारात ती सोय का केली, याचे उत्तर त्याच्या लेखनात मिळत नाही.

प्रश्न : माझा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. सॉक्रेटिस वाचल्यापासून घरात प्रत्येक गोष्टीला ‘हे कशावरून?’ असे विचारतो आणि आत्याला, मामाला निरुत्तर करून हसतो. ‘न तपासलेले आयुष्य जगण्याच्या लायकीचे नाही’ हे त्याने भिंतीवर लिहिले आहे. काय करावे?
— एक आई, फुलेवाडी

हे वाक्य सॉक्रेटिसने इ.स.पू. ३९९ मध्ये सत्तरीच्या वयात न्यायालयात उभे राहून उच्चारले, आणि त्या खटल्यात त्याला मृत्युदंड झाला. तेव्हा भिंतीवर लिहिण्याइतके ते हलके नाही, एवढे मुलाला अवश्य सांगावे. प्लेटोने लिहिलेल्या त्याच भाषणात सॉक्रेटिस अशीही तक्रार करतो की, श्रीमंत घरांतली रिकामी पोरे आपले पाहून इतरांची उलटतपासणी घेतात आणि चिडलेले लोक राग मात्र आपल्यावर काढतात. आपण स्वतः काही जाणत नाही, अशी कबुली देऊन सॉक्रेटिस प्रश्नाला सुरुवात करत असे. आत्याला विचारण्याआधी मुलाने आपला अभ्यासाचा दिवस कसा जातो हे स्वतःला विचारले, तर घरातली शांतता आणि परीक्षेचा निकाल या दोन्हींचे भले होईल.

प्लेटोलाही हा त्रास ठाऊक होता. वादाची चव नुकतीच लागलेली पोरे कुत्र्याच्या पिल्लांसारखी समोर येईल त्याला शब्दांनी ओढत आणि फाडत सुटतात, असे त्याने ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात लिहिले आहे आणि म्हणून तिशीच्या आत कोणालाही ही विद्या शिकवू नये, असा नियम सुचवला आहे. चिरंजीव तेवीस वर्षांचे असल्याचे आपण पत्रात म्हटले आहे.